ठसेकाका आणि ओळखीच्या फायली

तिसऱ्या मजल्यावरच्या ठसेकाकांच्या दाराची बेल वाजवणं हा एक कार्यक्रमच असतो. आतून आधी सपातांची फरफर, मग दाराच्या भोकाला डोळा, मग प्रश्न.

"कोण?"

"मी."

"मी म्हणजे कोण?"

"अहो काका, समोरची! सकाळीच जिन्यात भेटले ना."

"सकाळचं सकाळी. आत्ता काम काय?"

शेवटी आतून काकू ओरडतात, "अहो, घ्या तिला आत, का आता जन्माचा दाखला मागताय?" तेव्हा कुठं साखळी निघते. वाटीभर साखर मागायला गेलेल्या बाईला तोवर आपण चोरी करायलाच आलो होतो असं वाटू लागलेलं असतं.

यात काकांचा दोष थोडा आणि नोकरीचा जास्त. काका एका तपास प्रयोगशाळेत कामाला आहेत. नाव ऐकून इमारतीतल्या बायकांनी सुरुवातीला त्यांच्याबद्दल बरंच काही रचलं होतं, रक्ताचे डाग, विषाच्या बाटल्या वगैरे. प्रत्यक्षात आहे काय, तर तळघरातली एक लांबट खोली. भिंतीला लागून लोखंडी कपाटं, कपाटांत सॉफ्टवेअरची खोकी आणि डिस्का, मधोमध काकांचं टेबल. एसी इतका गार की काका भर उन्हाळ्यात हातात स्वेटर घेऊन निघतात आणि बसस्टॉपवरची माणसं त्यांच्यापासून जरा लांब सरकून उभी राहतात.

काम असं. कुणाचा कॉम्प्युटर तपासासाठी जप्त झाला की त्यात लाखांनी फायली निघतात. त्यातल्या बहुतेक त्या माणसाच्या नसतातच. काही यंत्राबरोबर आलेल्या, काही प्रिंटरबरोबर, काही पत्त्यांच्या खेळाबरोबर. तपास करणारा त्या एकेक उघडत बसला तर तो पेन्शनीत जाईल आणि आरोपी घरी नातवंडं खेळवत बसेल. म्हणून काका बाजारातलं मिळेल ते सॉफ्टवेअर मिळवून त्यातल्या प्रत्येक फाईलचा ठसा आधीच घेऊन ठेवतात. त्याला हॅश म्हणतात. फाईल गणिताच्या एका गिरणीत टाकायची, खाली अक्षरं-आकड्यांची एक चौसष्ट घरांची ओळ पडते. तीच फाईल कुठंही, कितीही वेळा दळा, ओळ तीच. आतला एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तर सगळी ओळच वेगळी. नाव बदलून आलेली फाईलसुद्धा ठशाला फसवू शकत नाही. आणि पिठावरून जसा दाणा परत उभा करता येत नाही, तशी त्या ओळीवरून फाईल परत मिळत नाही.

अशा ठशांची काकांकडे भली मोठी यादी. ती जप्त कॉम्प्युटरवर फिरवली की ओळखीच्या फायली बाजूला पडतात आणि अनोळखी तेवढ्या उरतात. बघायचं ते त्यांच्याकडे. ओळखीचं ते बिनकामाचं, हा काकांच्या खात्याचा कायदा.

"म्हणूनच लग्नानंतर यांनी माझ्याकडे कधी धड बघितलं नाही," काकू म्हणायच्या, आणि चारचौघांत काका मान खाली घालून हसायचे.

काकांच्या आयुष्यात त्यांची अशी उघडपणे फिरकी घेणारं आणखी एकच माणूस होतं. त्यांच्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, यजमान, म्हणजे दाजी. दाजींचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. देह दाराएवढा, आवाज रिकाम्या टाकीत बोलल्यासारखा. गिऱ्हाईक यंत्र घेऊन आत शिरलं की दाजी यंत्राकडे नंतर बघायचे, आधी त्या माणसाला घरची चौकशी करून बेजार करायचे. काका रविवारी दुकानात जाऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे.

"या मेहुणे! आज कुणाचे ठसे घेतले?"

"रविवारी सुट्टी असते, दाजी."

"अरे वा! म्हणजे आज आम्ही मोकळेपणानं गुन्हे करायचे!"

काकांना उलटं काही सुचायचं नाही. सुचायचं ते बसमध्ये, घरी परतताना. पण ते दर रविवारी जायचे.

दाजींनी दुकानासाठी स्वतःची एक डिस्क बनवली होती. लोकांच्या यंत्रांत पुन्हा पुन्हा घालावं लागतं ते सगळं तिच्यात एकत्र. प्रिंटर चालवणारी सॉफ्टवेअरं, अक्षरांचे साचे, दोन-चार खेळ, आणि स्पीकर तपासायला एक आवाजाची फाईल. ती फाईल त्यांनी घरी, स्वस्तातल्या माइकवर, स्वतःच्याच आवाजात केली होती. दुकानात दिवसभर ती वाजायची. आधी एक दणदणीत खाकरणं. मग: "हा डावा. डावीकडून येतोय ना? नसेल तर वायर हलवा, नशिबाला बोल लावू नका. आणि हा उजवा. दोन्हीकडून आला असेल तर मुकाट्यानं पैसे काढा." मग मागून, स्वयंपाकघरातून, ताईचा आवाज: "अहो, चहा निवतोय!" आणि शेवटी दाजी, माइकपासून तोंड वळवून, अगदी वेगळ्या, खालच्या पट्टीत: "आलो, आलो, राणीसरकार."

ताईला या शेवटाची भयंकर लाज वाटायची. "काढून टाका हो ते. गावभर वाजवताय."

"काढलं तर स्पीकर चालणार नाहीत," दाजी म्हणायचे.

आणि त्यांनी ते काढलं नाही. त्यांच्या हातून गेलेल्या प्रत्येक यंत्रात ती फाईल उतरली. दातांच्या डॉक्टरकडे, शिंप्याकडे, गाडी शिकवणाऱ्याकडे, छापखान्यात.

मग दाजींना घशाचं दुखणं निघालं. ऑपरेशन झालं आणि एवढ्या मोठ्या माणसाचा आवाज गेला. दुकान बंद झालं. जागेच्या मालकानं आतलं सामान, खोकी, डिस्का, सगळं भंगारात घातलं. पुढची दोन वर्षं दाजी घरात एका पांढऱ्या फळ्यावर लिहून बोलायचे. घशातून येण्यासारखं फक्त खाकरणं उरलं होतं. ते मात्र दिवसरात्र चालायचं. जिन्यात ऐकू यायचं म्हणतात. काका रविवारी जायचे तेव्हा दाजी फळ्यावर लिहायचे, "या मेहुणे". पुढची थट्टा लिहायला हात चालायचा नाही. मग दोघं नुसते बसायचे. काकांना तशी बोलायची सवय नव्हतीच, पण दुसऱ्याच्या बोलण्याची होती.

दाजी गेले. दिवस-कार्य उरकलं, माणसं पांगली, आणि ताईनं काकांना बोलावून घेतलं.

"धाकट्या, यांचा कॉम्प्युटर वाचनालयाला देऊन टाकायचाय. तिथं लोकांना उपयोग होईल. त्यात यांचं स्वतःचं असं जे काही असेल ते मला काढून दे."

"देतो की. त्यात काय!"

काकांना बरं वाटलं. इतके दिवस त्या घरात ते पाण्याचे ग्लास उचलण्यापलीकडे कुणाच्या उपयोगी पडले नव्हते. आता त्यांच्या हातचं काम निघालं होतं. त्यांनी यंत्र घरी आणलं, जेवणाच्या टेबलावर मांडलं आणि काकूंना जेवायला जमिनीवर बसवलं.

"एकेक उघडून बघणार सगळं?" काकू म्हणाल्या.

"एकेक? लाखांनी फायली आहेत. यादी फिरवायची. कंपन्यांचं सगळं आपोआप गळून पडतं. उरतात ते दाजी."

"उरतात ते दाजी," काकूंनी ताटातून मान वर न करता म्हटलं. "बोलता तरी कसं तुम्ही."

यादी फिरली. बाकीचं गळलं, शेवटी चाळणीत थोड्या फायली राहिल्या. काकांनी त्या पेनड्राइव्हवर उतरवल्या. मग यंत्र पुसायला घेतलं. नुसतं पुसून भागत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पुसलेलं परत काढणारी माणसं ऑफिसात त्यांच्याच वरच्या मजल्यावर बसतात. म्हणून त्यांनी सगळ्या डिस्कवर या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्यं भरली. वाचनालयात कुणी दाजींची औषधांची बिलं वाचायला नकोत. असं काम व्यवस्थित झालं की काका हात चोळतात. त्या दिवशीही चोळले.

ताईनं पेनड्राइव्ह आपल्या लॅपटॉपला लावला आणि काका शेजारी बसून एकेक दाखवू लागले. जागेच्या मालकाला लिहिलेली भांडणाची पत्रं. बिघडलेल्या यंत्रांच्या पोटातले फोटो. ताईचे फोटो, त्यातल्या निम्म्यांवर दाजींच्या जाड बोटाची सावली. ताई हसली. डोळे पुसले, परत हसली. काका खूश.

मग तिनं विचारलं, "आणि डावा-उजवा?"

"काय?"

"अरे, ती फाईल. स्पीकरची. ती लाव आधी. मी त्याचीच वाट बघतेय केव्हाची. फोनवर कधी बोलणं साठवून ठेवलं नाही आम्ही. हे बोलायचेच एवढे की कोण कशाला साठवतंय. त्यांचा आवाज तेवढ्यातच आहे." आणि जरा थांबून, भावाकडे न बघता, "शेवटचं मला ऐकायचंय. ते राणीसरकार."

काकांनी शोधलं. उरलेल्या फायलींत आवाजाची फाईल एकही नव्हती.

"असेल," काका म्हणाले. "ऑफिसात बघतो. काहीतरी राहिलं असेल."

यादी फिरवल्यावर काय काय गळलं याची नोंद काकांच्या कामाच्या यंत्रात राहते. दुसऱ्या दिवशी तळघरात काकांनी ती उघडली. दाजींनी फाईलला नाव दिलं होतं ‘डावा उजवा’, तेच टाकून शोधलं. लगेच सापडली. शेजारी शेरा: ओळखीची. ठसा यादीत आहे.

यादीत कशी असेल? दाजींचा आवाज कुठली कंपनी विकणार होती? काकांनी त्या ठशाची मूळ नोंद काढली. पॅकेज: दुकानाची एकत्रित डिस्क. प्रकाशक: अज्ञात. नोंद करणारा: त्यांचं स्वतःचं नाव.

मग आठवलं. त्यांचा विभाग नवा होता तेव्हाची गोष्ट. जुन्या प्रिंटरांची सॉफ्टवेअरं कुठंच मिळत नव्हती आणि दाजींच्या डिस्कवर ती झाडून सगळी होती. खरं तर घरी बनवलेली डिस्क यादीत घ्यायचीच नाही असा नियम. कंपनीच्या खोक्यातून आली तेवढीच घ्यायची. काकांनी नियम थोडा वाकवला. पण वाकवून निवडून घ्यायचं सोडून, सगळी डिस्कच गिरणीत ओतली. त्यांच्या कामात फाईल वाचायची नसते, ऐकायची नसते, नुसती दळायची. डिस्क दाजींना परत दिली, कारण कपाटात फक्त कंपनीच्या ठेवायच्या. तो नियम मात्र पाळला. आणि ती दुकानातल्या बाकी पसाऱ्याबरोबर भंगारात गेली.

काकांनी साहेबीणबाईंना सांगितलं. बाई वयानं लहान, पण विभाग त्यांचा. त्यांनी ऐकून घेतलं, आणि पहिला प्रश्न नेमका तोच विचारला.

"यंत्राला हात लावण्याआधी पूर्ण प्रत काढून ठेवली असेल ना? आपण कायम काढतो."

"घरचं काम होतं," काका म्हणाले.

बाईंनी पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली. मग हलकेच म्हणाल्या, "ती नोंद यादीतून काढावी लागेल. ते सॉफ्टवेअर नाही."

"काढतो."

"जुन्या याद्या दुसऱ्या प्रयोगशाळांकडे गेल्यात त्या गेल्याच. पण पुढच्या तरी बरोबर जातील."

काकांनी नोंद काढली. काढण्याआधी ती चौसष्ट घरांची ओळ कागदावर उतरवून घेतली, दोनदा ताडून पाहिली आणि पाकिटात ठेवली. एसी घोंघावत होता. दाजींच्या आवाजाचा ठसा त्यांच्याकडे अगदी बिनचूक होता. जगात कुणीही कुठूनही ती फाईल आणून दिली असती तर हीच ती, हे त्यांनी डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगितलं असतं. पण कुणीतरी आणून द्यायला हवी होती.

ताईला सांगायला ते गेले तेव्हा काकूंना बरोबर घेऊन गेले. असल्या वेळी काका एकटे जात नाहीत. त्यांनी सगळं सांगितलं, यादी, गिरणी, डिस्क, शून्यं. माणूस घाबरला की जास्त समजावून सांगतो. ताई ऐकत होती.

"थांब," ती म्हणाली. "म्हणजे तुझ्या यंत्रानं त्यांना ओळखलं."

"हो."

"आणि ओळखलं म्हणून टाकून दिलं?"

"ताई, यंत्राला काय कळतं, ते आपलं..."

"यंत्राला कुणी सांगितलं?"

काकूंनी नवऱ्याची बाजू घ्यायला तोंड उघडलं, पण बाजू सापडेना, म्हणून त्या पाणी आणायला उठल्या.

त्यानंतर काकांनी जे सुरू केलं त्यावर इमारतीत बरेच दिवस हसू चाललं. रोज कामावरून सुटले की काखेत लॅपटॉप, पाकिटात कागद, आणि दाजींच्या जुन्या गिऱ्हाइकांच्या दारोदार. ज्या माणसानं समोरच्या बाईला साखळीमागून उलटतपासणी करून आत घेतलं, तो आता लोकांच्या दाराबाहेर उभा राहून आतून येणाऱ्या "कोण?"ला उत्तर देत होता.

दातांच्या डॉक्टरला वाटलं, काका दाढ दाखवायला आलेत. त्यानं खुर्चीत बसवून तोंड उघडायलाही लावलं. कॉम्प्युटर त्यानं केव्हाच बदलला होता. शिंपी म्हणाला, "दाजी होय? काय माणूस! माझं यंत्र? ते मुलीनं विकलं हो. पण तुमचा कोट उसवलाय, द्या इकडे." गाडी शिकवणाऱ्यानं तर दारातूनच हात जोडले. "तपासवाले ना तुम्ही? आमची सगळी लायसनं कायदेशीर आहेत!"

काका बसमधून परत यायचे. काकू ताट वाढून ठेवायच्या. "मिळालं?" असं पहिले काही दिवस विचारलं, मग विचारणंही सोडलं. काकांचं जेवण निम्म्यावर आलं होतं. पूर्वी ते बातम्या बघताना प्रत्येक पुढाऱ्याचा खोटेपणा ओळखून दाखवायचे. आता टीव्ही लागायचा आणि ते भिंतीकडे बघायचे.

छापखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होता. मालक म्हातारा, बोटं शाईनं कायमची काळी. कोपऱ्यात पोत्याखाली एक जुना कॉम्प्युटर होता.

"हा टाकू म्हणतो, टाकू म्हणतो, पण राहतोच," मालक म्हणाले. "तुमच्या दाजींनीच भरून दिलेला. त्यांनी माझ्याकडून दुरुस्तीचे पैसे घ्यायचे सोडून मलाच चहा पाजला होता. काय शोधताय?"

"एक फाईल."

"मौल्यवान?"

"हो."

"मग बसा."

यंत्र सुरू व्हायला इतका वेळ घेत होतं की मालकांनी मधल्या वेळात कुणाच्या तरी दुकानाच्या पावत्या छापून काढल्या. शेवटी पडदा उजळला. काकांनी शोधलं. फाईल होती! नाव तेच. लांबीही अक्षराला अक्षर जुळावी तशी तेवढीच. त्यांनी ती गिरणीत टाकली, खाली पडलेली ओळ आणि कागदावरची ओळ शेजारी शेजारी धरली.

पहिलंच अक्षर वेगळं. दुसरंही. सगळीच ओळ वेगळी.

"नाही का ती?" मालकांनी विचारलं.

"नाही."

"अहो, पण नाव तर तेच दिसतंय."

"नाव कुणीही देतं," काका म्हणाले. पण हात थांबला नाही. एवढी वर्षं कामात कधीही फाईल न ऐकलेल्या माणसानं छापखान्यातल्या त्या धुळीत फाईल लावली आणि कान यंत्राजवळ नेला. ऐकून झालं तसं ते कितीतरी वेळ वाकलेलेच राहिले. मालकांना वाटलं, काकांच्या कमरेत उसण भरली.

ती फाईल ताईला ऐकवायची की नाही, यावर काकूंचं आणि त्यांचं भांडण झालं. काकू म्हणाल्या, नको. काका म्हणाले, तिची आहे, तिला द्यायला हवी. एकदा ठरवलंय ना, तिचं जे असेल ते तिला द्यायचं. शेवटी ते या वेळी एकटेच गेले.

ताईनं दाजींचे स्पीकर कपाटातून काढून टेबलावर मांडले, एक डावीकडे, एक उजवीकडे. खुर्ची मधोमध ओढून घेतली. पदर नीट केला, जणू कुणी भेटायला यायचं होतं.

"ताई, आधीच सांगतो. ही बिघडलेली आहे. डिस्कवर चरे होते, उतरताना..."

"लाव."

आधी खाकरणं आलं. दणदणीत, खोलीभर. त्यापुढं काहीच नाही. स्पीकर मुके. वेळ सरकताना पडद्यावर दिसत होता, आवाज नव्हता. डावाही गेला, उजवाही गेला, वायर हलवणं, पैसे काढणं, सगळं त्या शांततेत गेलं. मग अचानक, स्वच्छ, शेजारच्या खोलीतून यावा तसा तरुण ताईचा आवाज आला: "अहो, चहा निवतोय!"

आणि नंतर पुन्हा काही नाही. फाईल संपेपर्यंत.

ताईनं डाव्या स्पीकरची वायर हलवून बघितली.

"पुढचं?" तिनं विचारलं.

"पुढचं उतरलंच नाही, ताई. तेवढे दोन तुकडे राहिलेत."

"खाकरणं राहिलं." ती सावकाश म्हणाली. "ते मी दोन वर्षं ऐकलं रे, उशाशी. ते मला नको होतं. आणि मी हाक मारतेय, ती मला काय करायचीय? हाका तर मी अजून मारते."

काकांनी फाईल बंद केली. काय बोलायचं ते बसमध्ये सुचणार होतं.

मग ताई म्हणाली, "तू म्हण."

"काय?"

"तेच. तू दुकानात कोपऱ्यात बसून दर रविवारी ऐकलंयस. म्हणून दाखव."

"ताई, मी काय... माझा आवाज..."

"म्हण रे धाकट्या."

काकांनी घसा साफ करायला तोंड उघडलं आणि जागच्या जागी थांबले. तसा घसा साफ करणं या घरात बरं नव्हतं. मग कोरड्या घशानंच, नोटीस वाचावी तसं म्हणाले, "आलो, आलो, राणीसरकार."

"नाही."

त्यांनी आवाज खाली नेला. "आलो, आलो, राणीसरकार."

"असं नव्हतं. दुसरं 'आलो' लांब असायचं."

"आलो, आलोऽ, राणीसरकार."

"अंहं. एवढं नाही."

काकांनी पुन्हा म्हटलं. कधी जाड, कधी हसत, एकदा माइकपासून तोंड वळवल्यासारखी मान वळवून. ताई डोळे मिटून ऐकायची आणि दर वेळी मान हलवायची. काका थकले.

"मग कसं? तूच म्हणून दाखव ना. मी तसं म्हणतो."

ताईनं ओठ उघडले. ओठ हलले, पहिल्या शब्दाचा आकारही झाला. तिथंच राहिले. तिनं परत बघितलं करून. मग डोळे उघडून भावाकडे बघितलं, आणि त्या नजरेत भीती होती.

"मला म्हणता येत नाहीये," ती म्हणाली. "ऐकू आलं की कळेल. लगेच कळेल. पण काढता येत नाहीये."

हे काकांना कुणी समजावून सांगायला नको होतं. बाहेर जिन्यात कुणीतरी कुणाला तरी भाजी आणली का विचारत होतं.

"आणखी एकदा म्हण," ताई म्हणाली, आणि परत डोळे मिटून घेतले.

"आलो, आलो, राणीसरकार."

"नाही."

"आलो, आलो..."

"नाही रे."